घर घेण्यापूर्वीं घराची परीक्षा

"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" अशी मराठींत जुनी म्हण आहे. या दोन कार्यांत मनुष्याच्या पैशाची, धीराची आणि अकलेची जी कसोटी लागते, ती दुसऱ्या कोणत्याहि कार्यांत लागत नाहीं, असा तिचा भावार्थ. परंतु ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणारा मनुष्य स्वतःच त्या घरांत राहत असे. पाया किती खोल गेला, दगड कोणत्या खाणीचा आला, तुळया कोणत्या लांकडाच्या चढल्या, हें सारें त्याच्या डोळ्यांदेखत होई. आतां घर बांधणारा एक, विकणारा दुसरा, त्यावर कर्ज देणारा तिसरा आणि त्यांत जन्म काढणारा चौथा, अशी स्थिति झाली आहे. पाया जमिनींत गेला, गज काँक्रीटमध्यें बुडाले आणि भिंतींवर रंग चढला, कीं घेणाऱ्याच्या दृष्टीपुढें उरतो तो केवळ देखावा. मग "म्हैस पाण्यांत आणि मोल बाहेर" अशा रीतीनें सौदा होतो.

बारामती आणि इंदापूर हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेजारशेजारचे तालुके आहेत. सहकारी साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि तेथील शिक्षणसंस्था, कारखान्याभोंवतीं वसलेलें वालचंदनगर, इंदापुरावरून जाणारा पुणें-सोलापूर हमरस्ता, यांमुळें या भागांत नोकरदार व व्यापारी यांची वस्ती वाढली आणि तयार घरें व फ्लॅट यांची खरेदी-विक्री नित्याची झाली. याच भागांत आठवड्याच्या बाजारीं बैल घेणारा शेतकरी बैलाचे दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, त्याला चार पावलें चालवितो आणि सोबत एखादा जाणता मनुष्य घेऊन जातो. तोच शेतकरी मुलासाठीं चाळीस लाखांचें घर घेतो, तेव्हां स्वयंपाकघर कोणत्या दिशेला आहे हें आवर्जून विचारतो. घराचा पाया कशावर टेकला आहे हें मात्र विचारीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं घराची तपासणी होतेच. वकील कागद पाहतो आणि बँक आपला माणूस पाठविते. हें खरें आहे, पण अपुरें आहे. वकील पाहतो तें मालकीचें. नगरपालिकेच्या हद्दींतील मिळकत-पत्रिका, गांवठाणांतील ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शेतीच्या जमिनीचा सात-बारा, बिनशेती परवाना, मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, हें त्याचें क्षेत्र. बँकेचा मूल्यांकनकार पाहतो ती किंमत. घर विकावें लागलें तर कर्ज वसूल होईल कीं नाहीं, एवढ्यापुरती. तो बँकेसाठीं काम करतो, आणि त्याचा अहवाल पुष्कळदां घेणाऱ्याच्या हातींहि पडत नाहीं. गच्ची गळते का, गजांना गंज धरला आहे का, भिंत कां तडकली, याची चिकित्सा करणें हें या दोघांपैकीं कोणाचेंहि मुख्य काम नव्हे. कागद निर्दोष आणि किंमत योग्य असूनहि घर आंतून रोगी असूं शकतें. रोग्याची जन्मपत्रिका पाहिली आणि त्याचा पगार विचारला, एवढ्यानें वैद्याचें काम झालें असें होत नाहीं.

कायद्याची भूमिका येथें नीट समजून घेतली पाहिजे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, उलट करार नसेल तर, मिळकतींतील महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें घेणाऱ्यास सांगितला पाहिजे. मात्र तो दोष विकणाऱ्यास माहीत असला पाहिजे, घेणाऱ्यास माहीत नसला पाहिजे आणि घेणाऱ्यानें साधारण काळजी घेऊनहि त्याला तो कळण्यासारखा नसला पाहिजे. या शेवटच्या अटींतच सारें मर्म आहे. जो दोष नीट पाहिल्यास दिसला असता, तो न पाहिल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. म्हणजे घर तपासून घेणें ही केवळ हौस नव्हे. कायदा ज्या काळजीची अपेक्षा धरतो, तीच ही काळजी होय.

ही काळजी घेणारा स्वतंत्र व्यवसाय पाश्चात्त्य देशांत पुष्कळ वर्षांपासून आहे. इंग्लंडांत मिळकतींची पाहणी करणाऱ्या सर्व्हेयरांची संस्था १८६८ सालीं स्थापन झाली. अमेरिकेंत गृहपरीक्षकांची स्वतःची संस्था १९७६ सालीं निघाली. तेथें सौदा पक्का होण्यापूर्वीं घेणारा आपल्या खर्चानें परीक्षक नेमतो, आणि त्याच्या अहवालावरून किंमत उतरते, दुरुस्ती होते, किंवा सौदा मोडतो. भारतांतील मोठ्या शहरांतहि आतां अशी सेवा देणारे निघाले आहेत. लहान गांवीं 'गृहपरीक्षक' अशी पाटी दारावर नसली, तरी स्थापत्याचा अनुभवी इंजिनियर किंवा इमारतींच्या बळकटीचा सल्लागार हें काम करूं शकतो. प्रश्न माणसाच्या अभावाचा नसून विचारण्याच्या संवयीचा आहे.

या दोन तालुक्यांत अशा परीक्षेची विशेष गरज कां आहे, याचें पहिलें कारण पायाखालींच आहे. जुन्या मराठी गांवगाड्यांत जमिनीचे दोन भाग मानीत: 'काळी' आणि 'पांढरी'. काळी ती पेरण्याची, पांढरी ती राहण्याची. गांवठाण उंचवट्यावरील पांढरींत असे आणि शेतें सभोंवतालच्या काळींत. या विभागणींत मोठें व्यवहारज्ञान होतें. काळ्या मातींतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यांत आटून आकसतात. चैत्र-वैशाखांत शेताला ज्या हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच आकसण्याच्या खुणा. पिकाला ही जमीन मातेसारखी असली, तरी भिंतीला ती वर्षांतून एकदां उचलते आणि एकदां खालीं सोडते. खोल काळ्या जमिनींत हा ऋतुमानाचा फेरफार साधारणतः साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोंचतो. गांव वाढलें, तशी वस्ती पांढरींतून काळींत उतरली. काल जेथें ऊंस उभा होता, तेथें आज भूखंड पाडलेले आहेत. अशा ठिकाणीं पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला पाहिजे. तें शक्य नसेल तर तळाशीं कंदासारखे फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवून त्यांवर घर उभारलें पाहिजे. ही फुगीर खांबांची पद्धति रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें देशांत रूढ केली. खर्च वांचविण्यासाठीं तीन-चार फुटांवरच पाया थांबविलेलें घर पहिली दोन वर्षें उत्तम दिसतें; मग भिंती बोलूं लागतात.

त्यांचें हें बोलणें जाणकारास समजतें. गिलाव्यावरील केसासारख्या वेड्यावांकड्या रेघा बहुधा केवळ गिलावा लवकर सुकल्यामुळें पडतात. त्यांची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यांतून निघून तिरपी वर चढणारी, विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीनें जाणारी आणि एका टोंकाला रुंद होत गेलेली चीर ही पाया खचल्याची किंवा उचलला गेल्याची सूचना असते. पावसाळ्यांत दार चौकटींत अडकतें आणि उन्हाळ्यांत सुटतें, हेंहि लक्षण दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं. चिरेंत जुनी धूळ व कोळिष्टकें असतील तर ती जुनी. कडा स्वच्छ व धारदार असतील तर नुकतीच पडलेली. संशय असल्यास चिरेवर आडवी कांचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवतात. कांही महिन्यांनीं ती तडकली, तर हालचाल अजून चालू आहे असें समजावें.

दुसरें कारण पाणी. नीरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि या अवर्षणाच्या मुलुखांत ऊंस पिकूं लागला. त्याच पाण्यानें कालव्याखालच्या कित्येक जमिनी पाणथळ व चोपण झाल्या, हाहि इतिहासच आहे. जेथें भूजल वर येतें आणि त्याबरोबर क्षार येतात, तेथें भिंती जमिनींतील पाणी वर ओढून घेतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्यांखालीं पांढरी भुकटी आढळली, तर जोत्याच्या पातळीवर ओल अडविणारा थर घातलेला नाहीं किंवा तो फुटला आहे, असें अनुमान निघतें. विक्रीपूर्वीं असा भाग फरशीनें किंवा लांकडी तक्त्यांनीं झांकण्याची युक्ति फार जुनी आहे. म्हणून खोलींतील फक्त एकाच भिंतीला शोभेचा तक्ता लावलेला दिसला, तर त्यामागें काय आहे, हें अवश्य पाहावें.

क्षारांचा दुसरा उपद्रव याहून गुप्त असतो. काँक्रीट कालविण्यास किंवा त्यावर मारण्यास खारट बोअरचें पाणी वापरलें, तर आंतील लोखंडास गंज धरतो. भारतीय मानकाप्रमाणें सळ्यांच्या काँक्रीटसाठीं वापरावयाच्या पाण्यांत क्लोराइडचें प्रमाण दर लिटरला ५०० मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. गंजलेलें लोखंड मूळच्या आकारमानाच्या कित्येक पट फुगतें आणि वरचें काँक्रीट फोडून बाहेर येतें. स्लॅबच्या खालच्या अंगाला तांबूस डाग, सळईच्या रेषेनें सरळ गेलेली चीर, हातोडीनें ठोकल्यास येणारा पोकळ आवाज, या तिन्ही खुणा एकाच रोगाच्या चढत्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर उपचार थोडक्या खर्चांत होतो; तिसऱ्या पायरीवर घराच्या किमतीचा फेरविचारच करावा लागतो.

वरून येणाऱ्या पाण्याचाहि विचार केला पाहिजे. २०१९ च्या सप्टेंबरांत कऱ्हा नदीला महापूर येऊन बारामतींत नदीकांठच्या लोकांस हलवावें लागलें. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस बारामती व इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टि झाली, नीरा डावा कालवा फुटला आणि वस्तींत पाणी शिरलें. या मुलुखांत पाऊस कमी, म्हणून घराला पाण्याचें भय नाहीं, ही समजूत अशा वेळीं महाग पडते. नदी, ओढा, कालवा किंवा उजनीचा जलाशय यांपासून घर किती उंचीवर आहे, पूर्वींचा ओढा बुजवून तर भूखंड पाडलेला नाहीं ना, याची चौकशी शेजारच्या वृद्ध माणसांकडे करणें हाहि परीक्षेचाच भाग आहे.

जुन्या घरांची गोष्ट निराळी. बारामतींतील बाबूजी नाइकांचा वाडा आणि इंदापुरांतील मालोजीराजांची गढी ज्या परंपरेंतील आहेत, त्या परंपरेचीं दगड-मातीचीं, धाब्याचीं, खणांनीं मोजलेलीं घरें या भागांत अजून उभीं आहेत व विकलींहि जातात. त्यांच्या रुंद भिंती उन्हाळ्यांत गारवा देतात. परंतु मातींत बांधलेल्या भिंतीचें आयुष्य ती कोरडी असेपर्यंतच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील कित्येक वाडे लोंढ्यानें वाहून गेले नाहींत, तर पाण्यांत भिजून मागाहून ढासळले. धाब्याचें भय त्याहून मोठें. छपरावर वर्षानुवर्षें माती चढत जाते आणि तिचें ओझें वाढत जातें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी येथें भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मरण पावलीं. त्यांतील बहुतेकांवर त्यांच्याच घराच्या दगडी भिंती आणि मातीचीं छपरें कोसळलीं होतीं. म्हणून असें घर घेतांना ओळंबा लावून भिंतीला पोट आलें आहे का तें पाहावें, भिंतींत गेलेल्या तुळयांचीं टोकें टोचून वाळवी व कूज शोधावी, आणि धाब्यावर मातीचा थर किती जाड आहे तें मोजावें.

नव्या इमारतींतील फ्लॅटसाठीं घेणाऱ्याच्या हातीं आणखी एक शस्त्र आहे. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणें ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधणींतील किंवा कारागिरींतील दोष निदर्शनास आणला, तर विकासकानें तो तीस दिवसांत कोणताहि आकार न घेतां दुरुस्त करून दिला पाहिजे. पण दोष निदर्शनास आणण्यासाठीं तो आधीं सांपडला पाहिजे आणि तारखेसह लेखीं नोंदला पाहिजे. म्हणून ताबा घेतांना एक परीक्षा आणि पांचवें वर्ष संपण्यापूर्वीं दुसरी, असा क्रम ठेवणें हिताचें. जुन्या इमारतींतील फ्लॅट असेल, तर गृहनिर्माण संस्थेकडे बळकटीच्या तपासणीचा अहवाल मागावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पांच वर्षांनीं व ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनीं अशी तपासणी सांगितली आहे. अहवाल दाखविण्यास संस्था टाळाटाळ करीत असेल, तर तेंहि एक उत्तरच समजावें.

प्रत्यक्ष परीक्षेला साधारण घराच्या बाबतींत अर्धा दिवस पुरतो. परीक्षक प्रथम घराबाहेरून प्रदक्षिणा घालतो. जमिनीचा उतार घराकडे आहे कीं घरापासून दूर, पावसाचें पाणी कोठें जातें, हें पाहतो. मग गच्ची, पाण्याची टांकी, मोरी, संडास, शोषखड्डा, विजेची पेटी व आर्थिंग हें सारें क्रमानें तपासतो. ओळंबा, पाणसळ, हातोडी, विजेरी आणि फीत हीं त्याचीं जुनीं हत्यारें. ओल मोजणारें यंत्र आणि उष्णतेच्या फरकावरून भिंतीमागील गळती दाखविणारा कॅमेरा हीं नवीं. शेवटीं तो छायाचित्रांसह लेखी अहवाल देतो. चांगल्या अहवालांत दोषांचे तीन वर्ग असतात: ज्यांत जीवाला धोका आहे ते, ज्यांची दुरुस्ती वर्षाच्या आंत झाली पाहिजे ते, आणि ज्यांवर केवळ लक्ष ठेवावयाचें ते. हा विवेक ज्या अहवालांत नाहीं, तो घेणाऱ्याला घाबरवितो तरी, किंवा गाफील तरी ठेवतो.

परीक्षक निवडतांना चार गोष्टी पाळाव्या. तो विकणाऱ्याचा किंवा दलालाचा माणूस नसावा. त्याची फी सौदा होण्या-न होण्यावर अवलंबून नसावी. जी दुरुस्ती तो सुचवील, तिचें कंत्राट त्यानें स्वतः घेऊं नये. आणि काय तपासलें व काय तपासतां आलें नाहीं, हें त्यानें लिहून द्यावें. कारण तो भिंत फोडून पाहूं शकत नाहीं, आणि मालकीच्या वादाशीं त्याचा संबंध नाहीं. परीक्षा इसार देण्यापूर्वीं व्हावी. निदान इसारपावतींत "परीक्षेंत गंभीर दोष निघाल्यास इसार परत" एवढी अट घालावी. शक्य असेल तर पावसाळ्यांत किंवा पावसाळा संपतांच घर पाहावें. उन्हाळ्यांत, नुकताच रंग दिलेलें घर सर्वांत अधिक देखणें असतें आणि सर्वांत कमी बोलतें.

या साऱ्याचें मोल हिशेबानें समजेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतचें गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देतां येतें. म्हणजे ४० लाखांच्या घरासाठीं ३२ लाख बँकेचे आणि ८ लाख घेणाऱ्याचे. मुद्रांक शुल्क व नोंदणी त्याशिवाय. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारें २७,७७० रुपये पडतो, आणि असे २४० हप्ते मिळून साडेसहासष्ट लाखांहून अधिक रक्कम भरावी लागते. घराची भिंत तडकली म्हणून यांतील एकहि हप्ता थांबत नाहीं. ज्या कुटुंबाची वीस वर्षांची मिळकत आधींच बांधली गेली आहे, त्याला स्लॅबच्या दुरुस्तीसाठीं अचानक पांच लाख काढावे लागले, तर मुलांचें शिक्षण थांबतें किंवा दागिने गहाण पडतात. त्या मानानें परीक्षकाची फी अगदींच क्षुल्लक असते.

कर्ज देणाऱ्या बँकेचा व पतसंस्थेचाहि यांत स्वार्थ आहे. वीस वर्षांच्या कर्जाचें तारण निदान तितकीं वर्षें उभें राहिलें पाहिजे. किमतीबरोबर प्रकृतीचाहि अहवाल त्यांनीं मागितला आणि त्याची एक प्रत कर्जदाराला दिली, तर दोघांचेंहि हित साधेल. जो आधींच घराचा मालक आहे, त्यानें दर वर्षीं मृगापूर्वीं गच्चीच्या मोऱ्या, भिंतींच्या चिरा आणि विजेची पेटी एकदां नजरेखालून घालावी आणि जें दिसेल तें वहींत तारखेसह टिपून ठेवावें. पुढें घर विकावयाची वेळ आली, तर ती वही रंगापेक्षां अधिक किंमत मिळवून देईल, कारण प्रामाणिक विक्रेत्यालाहि परीक्षेपासून लाभच आहे.

आपलें घर स्वतः उभें राहून बांधून घेणें आतां सर्वांच्या नशिबीं नाहीं. नोकरी, वेळ आणि जागेचे भाव त्याला आड येतात. तरीहि जुन्या म्हणींतील सावधगिरी सोडून देण्याचें कारण नाहीं. ज्याला घर बांधून पाहतां येत नाहीं, त्यानें तें निदान तपासून पाहावें, आणि तेंहि इसाराचे पैसे हातांत असतांनाच.